घरचा बोकड खाटकाच्या हाती देताना : नव्या शेळीपालकांसाठी मार्गदर्शन

धाराशिव, लातूर, बीड आणि परभणी या पट्ट्यात नव्याने शेळीपालनाकडे वळणाऱ्यांना गोठा कसा बांधावा, शेवरी आणि सुबाभूळ कोठे लावावी, पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस कधी टोचून घ्यावी, हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. परंतु वर्षभर स्वतःच्या हाताने चारा घातलेला उस्मानाबादी बोकड घरच्या कंदुरीसाठी (नवसाच्या मटणाच्या जेवणासाठी), लेकराच्या जावळासाठी किंवा ओळखीच्या चार घरांत वाटे घालण्यासाठी कापायचा ठरला, की पुढे नेमके काय करायचे याविषयी सहसा कोणी बोलत नाही. मी कळंब तालुक्यात शेळ्या पाळतो आणि माझ्याकडचे बोकड आमच्या बाजारगावातील एकाच खाटकाकडून कापून घेतो. तो विश्वास कसा बसला आणि तो टिकवण्यासाठी दोन्ही बाजूंना काय काय पाळावे लागते, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

हे मार्गदर्शन शेळ्या आणि मेंढ्यांपुरते आहे. महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर मार्च २०१५ पासून पूर्ण बंदी असल्यामुळे देवणी किंवा लाल कंधारी जनावरांच्या बाबतीत हा विषयच उद्भवत नाही.

१. मांस घरी खायचे की विकायचे, ते आधी ठरवा

खाटकाकडे जाण्यापूर्वी या एका प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे तयार हवे, कारण पुढची सारी व्यवस्था त्यावर अवलंबून असते. घरच्या कार्यासाठी जनावर कापून घरच्यांनी आणि पाहुण्यांनी खाणे वेगळे, आणि मांसाचे पैसे घेणे वेगळे. पैसे घेऊन मांस विकले की आपण अन्न व्यावसायिक ठरतो आणि २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार नोंदणी किंवा परवाना लागतो. विक्री दुकानातून होते की मोबाईलवर ऑर्डर घेऊन होते, याने त्यात फरक पडत नाही. माझा सल्ला असा, की नव्या शेळीपालकाने सुरुवातीची काही वर्षे जनावर जिवंत वजनावरच विकावे आणि ज्या कुटुंबांनी मिळून ते घेतले, त्यांना नोंदणीकृत खाटकाकडे नेऊन द्यावे. जनावर कसे वाढवले याची जबाबदारी आपल्याकडे राहते आणि सुरीची जबाबदारी ज्याचे ते काम आहे त्याच्याकडे जाते.

कोठे कापायचे हेही याच वेळी पाहावे. नगर परिषद किंवा महानगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखाना हीच जागा आहे. खेड्यात काय व्यवस्था आहे ते ग्रामपंचायतीत आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. कत्तलखान्यांसंबंधीच्या २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाभण जनावर, तीन महिन्यांपेक्षा लहान पिले असलेली मादी, तीन महिन्यांच्या आतील पिलू आणि पशुवैद्यकाने तपासून दाखला न दिलेले जनावर कापता येत नाही. एका जनावरासमोर दुसरे जनावर कापण्यासही मनाई आहे. घरच्या एकुलत्या बोकडाच्या बाबतीतही हे नियम मनाशी धरूनच चालावे, कारण ते मांसाच्याही भल्याचे आहेत आणि जनावराच्याही.

२. खाटीक त्याच्या कामात पाहा

कोणाच्या तरी शब्दावरून खाटीक ठरवू नये. त्याच्या दुकानात दोनदा जावे : एकदा रविवारी सकाळी, जेव्हा गर्दीत त्याचा हात थांबत नाही, आणि एकदा आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, जेव्हा त्याला बोलायला सवड असते. रविवारी बोलू नये, फक्त पाहावे. लाकडी ओंडका रोज खरवडून धुतला जातो की त्याच्या भेगांत जुने मांस काळे पडून बसले आहे? सुऱ्या कशाने पुसल्या जातात? पैसे घेतलेला हात तसाच मांसाला लागतो का? वजडी (पोट-आतडी) धुतलेले पाणी कोठे जाते, आणि दुकानामागे कुत्री कशाच्या आशेने बसलेली आहेत? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व पुढे आठव्या टप्प्यात कळेल.

भिंतीवर अन्न सुरक्षा नोंदणीचे प्रमाणपत्र असावे आणि त्यावर चौदा अंकी क्रमांक असावा. वजनकाट्यावर वैधमापन शास्त्र विभागाची चालू मुद्रा आहे का, तेही पाहावे. या दोन गोष्टी विचारल्याने चांगला खाटीक नाराज होत नाही, हा माझा अनुभव आहे.

त्यानंतर त्याला एकदा गोठ्यावर बोलवावे. जाणता खाटीक बोकडाचे तोंड पाहून थांबत नाही. तो बोकडाच्या कमरेवर तळहात ठेवतो, मणक्याच्या टोकांवरून अंगठा आणि बोटे दाबत पुढे नेतो, शेपटीच्या मुळाशी चरबी चाचपतो, आणि मग मांस किती पडेल ते सांगतो. तो आकडा लिहून ठेवावा. कापल्यानंतरच्या वजनाशी तो जवळपास जुळला, तर या माणसाला जनावर कळते आणि तो कळलेले खरे सांगतो, या दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात.

माझ्या मते विश्वासाची याहून मोठी एक खूण आहे : खाटकाने जनावर परत पाठवणे. नाकातून शेंबूड येतो आहे, हगवण लागली आहे, कान गरम आहेत, असे पाहून जो म्हणतो की “आज कापू नका, आधी डॉक्टरला दाखवा”, त्याने स्वतःची त्या दिवसाची मजुरी सोडलेली असते. असा माणूस सापडला तर दहा किलोमीटर अधिक जावे लागले तरी त्याच्याकडेच जावे.

३. बोलणी पूर्ण करा आणि चिठ्ठीवर घ्या

बहुतेक तंटे मांसावरून होत नाहीत. ते कातडे, मुंडी, पाय आणि वजडी यांवरून होतात. कोठे खाटीक रोख मजुरी घेतो आणि सारे मालकाला देतो, कोठे मजुरी कमी घेऊन कातडे ठेवतो, तर कोठे मुंडी-पाय हाच त्याचा हक्क समजला जातो. यातली कोणतीच पद्धत चूक नाही. मात्र आपल्या बाबतीत कोणती लागू आहे, ते बोकडाला हात लावण्यापूर्वी ठरले पाहिजे. “होऊ द्या, घरचंच काम आहे” हे उत्तर मिळाले तर नम्रपणे पुन्हा विचारावे. बोलणे कसे असावे, त्याचा नमुना :

“चाचा, कातडं तुमचं, मुंडी-पाय आमचे. कलेजी, गुर्दे आणि वजडी आम्हाला वेगळी द्यायची. रक्ती नको. आणि सुरी तुम्ही स्वतः धरायची, पोराच्या हाती नाही.”

“धरतो की. पण मालक, आदल्या रात्री त्याला काही खाऊ घालू नका. पोट रिकामं असलं तर हात साफ राहतो.”

चिठ्ठीवर पुढील बाबी याव्यात : दिवस आणि वेळ, जागा, कापणारा कोण, मजुरी, कातडे कोणाचे, आतील अवयव कोणाचे, तुकडे कसे हवेत (रस्स्यासाठी लहान, भाजण्यासाठी रान, म्हणजे मांडी, अख्खे, खिमा किती), आणि पाणी व भांडी कोणाची. हलाल की झटका, हेही पाहुण्यांचा विचार करून आधीच सांगावे. दर्ग्याच्या कंदुरीसाठी हलालच लागते आणि त्यासाठी जनावर हलाल करणारा मुलाणी बोलवावा लागतो. काही घरांच्या देवकार्यात मात्र रीत वेगळी असते. ज्या घरचे कार्य, त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून खाटकाला एकदाच स्पष्ट सांगितले, की ऐनवेळी कोणाचे मन दुखावत नाही.

दिवस निवडताना बकरी ईद, आषाढातील शेवटचे रविवार, धुळवड आणि पोळ्यानंतरची कर हे दिवस शक्यतो टाळावेत. त्या दिवशी उत्तम खाटकाच्याही हाताखाली नवखी पोरे असतात आणि आपल्या जनावराकडे द्यायला त्याच्याकडे वेळ नसतो. कार्यच त्या दिवशी असेल, तर पहाटेची पहिली पाळी मागून घ्यावी.

४. खाटकाला जनावराविषयी सर्व खरे सांगा

या टप्प्यावर मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते. खाटकावर विश्वास ठेवावा का, असे सगळे विचारतात. खाटकाने आपल्यावर विश्वास का ठेवावा, हे फारसे कोणी विचारत नाही. त्याचे उघडे हात आपल्या जनावराच्या रक्तात आणि आतड्यांत असतात, आणि त्याच सुरीने तो पुढे दुसऱ्या गिऱ्हाइकांचे मांस कापतो. म्हणून आपण लपवलेली गोष्ट आपल्या घरापुरती राहत नाही.

पहिली बाब औषधांची. जनावराला दिलेले प्रत्येक औषध काही काळ त्याच्या मांसात, चरबीत, यकृतात आणि मूत्रपिंडात राहते. किती दिवस थांबावे, ते औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. औषधांच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वेष्टनावर काळ दिलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवसांचा काळ धरायचा असतो. दीर्घकाळ काम करणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन, जंताचे औषध, गोचिडांसाठी दिलेले आयव्हरमेक्टिन या सर्वांना हे लागू आहे. म्हणून गोठ्यात एक वही टांगून ठेवावी आणि तिच्यात कानातील बिल्ल्याचा (टॅगचा) क्रमांक, औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि “कापण्यास योग्य” होण्याची तारीख लिहीत जावे. कंदुरीची तारीख ठरली की वही उघडून उलटे दिवस मोजावेत. दिवस भरत नसतील तर दुसरा बोकड निवडावा. तारखेसाठी औषधाचे दिवस कमी करू नयेत.

इंजेक्शन शक्य तेथे मांडीत न देता मानेत द्यावे. मांडीतील इंजेक्शनच्या जागी कधीकधी गाठ किंवा पू राहतो आणि रानाचा उत्तम तुकडा फेकावा लागतो. अशी गाठ असल्यास खाटकाला आधी जागा दाखवून ठेवावी, म्हणजे तो ती न फोडता भोवतालच्या मांसासह अलगद काढतो.

दुसरी बाब आजारांची. आपल्याकडे एक घातक सवय आहे : जनावर मरायला टेकले, की वाया जाऊ नये म्हणून घाईघाईने सुरी फिरवायची, किंवा पडत्या भावात खाटकाला द्यायचे. शेळी अचानक मेली, पोट भराभर फुगले आणि नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर तो फाशी, म्हणजेच काळपुळी रोग असू शकतो. असे जनावर कापू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. शव उघडले की त्यातील जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. ताबडतोब पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे आणि त्यांच्या देखरेखीखाली खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे. कळपातील अनपेक्षित मृत्यूचे कारण समजून घ्यायचे असेल, तर मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांच्यापर्यंत कसे पोहोचावे ते विचारता येते.

तिसरी बाब गाभडणाऱ्या शेळ्यांची, आणि तिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. वारंवार गाभडणारी शेळी कामातून गेली असे समजून खाटकाच्या दावणीला बांधली जाते आणि गाभडल्याचे त्याला सांगितले जात नाही. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस असेल, तर गर्भाशय आणि त्यातील द्रव हाताळणाऱ्या माणसाला हातावरच्या बारीक जखमेतूनही लागण होऊ शकते. पुढे चढउतार होणारा ताप, घाम आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने त्याची पाठ सोडत नाहीत, आणि अनेकदा नेमका रोग ओळखायलाच वेळ लागतो. अशा शेळीचे रक्त आधी तपासून घ्यावे आणि पुढे काय करायचे ते पशुवैद्यकाला ठरवू द्यावे.

५. कागद आणि सामान

कागद :
– जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आणि लसीकरणाची नोंद
– औषधांची वही
– पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला. वाहनातून नेताना तो जवळच ठेवावा
– जनावर बाजारातून घेतलेले असल्यास बाजार समितीची पावती
– बोलणीची चिठ्ठी

सामान :
– मजबूत लटकता काटा आणि दोर
– झाकणाची स्टीलची पातेली. मांसासाठी एक, अवयवांसाठी दुसरे, वजडीसाठी तिसरे
– स्वच्छ पाण्याचे भरलेले पिंप, साबण आणि पांढरे सुती कापड
– जाड मीठ, चुना आणि फावडे
– थर्माकोलचा डबा आणि बर्फ

पाण्याबाबत हयगय करू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे टँकरचे पाणी हौदात येते आणि त्याच हौदातून जनावरे पाणी पितात. ते पाणी मांसाला लावू नये. पिण्यासाठी घरात जे पाणी येते, तेच वापरावे.

६. आदला दिवस

कापण्याच्या आधी किमान बारा तास चारा बंद ठेवावा, पाणी मात्र भरपूर द्यावे. भरल्या पोटाच्या तीस किलोच्या बोकडात तीन-चार किलो तर नुसता ओला चारा असतो. पोट तट्ट असले की ते फाटण्याचा धोका वाढतो आणि एकदा का त्यातील घाण मांसावर सांडली, की कितीही धुतले तरी वास राहतो.

बोकडाला पळवू नये, पाय बांधून दुचाकीवर आडवा टाकून नेऊ नये. दमलेल्या आणि घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर संपून जाते, त्यामुळे मांसात पुरेशी आम्लता येत नाही; असे मांस काळपट आणि चिकट होते आणि लवकर खराब होते. खाटीक दूर असेल तर आदल्या संध्याकाळीच ऊन उतरल्यावर टेंपोत गवत पसरून न्यावे आणि रात्रभर तेथे सावलीत, शांत जागी बांधावे. एकटा बोकड ओरडत राहतो, म्हणून शक्य असल्यास सोबतीला एक शेळी न्यावी आणि सकाळी तिला आधीच दूर बांधावे.

निघण्यापूर्वी जिवंत वजन करून चिठ्ठीवर लिहावे.

७. कापण्याचा दिवस

उन्हाळ्यात काम सकाळी सातच्या आत संपावे, असा आग्रह धरावा. आपण स्वतः हजर राहावे, पण खाटकाच्या हाताखाली लुडबुड करू नये. सुरी धारदार आणि लांब असावी, आणि एका फिरवण्यात काम व्हावे. रक्त पूर्ण निथळेपर्यंत आणि हालचाल पूर्णपणे थांबेपर्यंत कातड्याला हात लावू द्यायचा नाही, हे बोलणीतच सांगितलेले असावे.

पुढे त्याचे हात पाहावेत. जनावर मागच्या पायांच्या शिरांतून दोर ओवून उलटे टांगले जाते. चांगला खाटीक सुरी फक्त कातड्याचा कडेचा भाग सोडवण्यापुरती वापरतो आणि नंतर मूठ वळून, कातडे आणि मांस यांच्यामधून ती दाबत खाली नेतो. कातडे अंगरख्यासारखे उतरत येते आणि मांसावर एकही चीर पडत नाही. केसांना लागलेला हात तो मांसाला लावत नाही, लावायचा झाल्यास आधी धुतो. पायाला छिद्र पाडून तोंडाने हवा फुंकण्याची जुनी पद्धत अजूनही दिसते. फुंकणाऱ्याचा खोकला आणि थुंकी थेट मांसात जाते, म्हणून ती स्पष्ट शब्दांत नाकारावी. हवा भरायचीच असेल तर स्वच्छ पंप वापरता येतो, परंतु मुठीने सोलणारा खाटीक मिळाला तर त्याचीही गरज उरत नाही.

पोट उघडताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. अन्ननलिका आणि गुदद्वाराकडील आतडे दोन्ही टोकांना बांधून मगच पोट बाहेर काढले पाहिजे. आणि कलेजी काढताना तिला चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी न फोडता, थोड्या मांसासकट कापून बाजूला टाकली पाहिजे. ती फुटली तर कलेजी कडू होते.

जनावर दुकानात सोडून येण्याची वेळ आलीच, तर अदलाबदल होऊ नये म्हणून जुन्या खाटकांच्या दोन पद्धती उपयोगी पडतात. मुंडी कानातील बिल्ल्यासह शेवटपर्यंत त्याच धडाशेजारी ठेवायला सांगावी आणि बोकडाचे अंडकोष व शेपटीच्या टोकाचे काळे केस धडाला तसेच राहू द्यावेत. बहुतेक उस्मानाबादी काळेच असल्यामुळे नुसत्या केसांवर विसंबू नये; बिल्ल्याचा क्रमांक जुळवून घ्यावा.

८. कलेजी आणि फुफ्फुस उजेडात पाहा

अवयव पातेल्यात पडण्यापूर्वी प्रत्येक अवयव उन्हात धरून पाहावा. निरोगी कलेजी गर्द तपकिरी-लाल, गुळगुळीत आणि धारदार कडांची असते. तिच्यात जाड, पांढुरक्या नळ्या दिसल्या आणि त्या कापल्यावर पानासारखे चपटे किडे निघाले, तर ते यकृतातील कृमी होत; तळ्याकाठी किंवा कालव्याच्या पाणथळ जागी चरणाऱ्या शेळ्यांत हे आढळते. अशी कलेजी टाकून द्यावी आणि घरी राहिलेल्या कळपाच्या जंतनिर्मूलनाविषयी पशुवैद्यकाला विचारावे. खाटकाकडे दिलेला एक बोकड अशा रीतीने मागच्या साऱ्या कळपाची बातमी देतो, आणि ओळखीचा खाटीक ती आपल्याला आवर्जून सांगतो. बाजारात जनावर विकून मोकळे झाल्यावर ही माहिती कधीच मिळत नाही.

कलेजीत किंवा फुफ्फुसात पाण्याने भरलेले, पांढऱ्या जाड आवरणाचे कठीण फोड दिसले, तर फार काळजी घ्यावी. ते हायडॅटिडचे फोड असू शकतात. हा फोड कुत्र्याने खाल्ला, की कुत्र्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि ती अंगण, भाजीपाला, पाणी किंवा कुत्र्याला कुरवाळणाऱ्या लेकराचे हात यांमार्फत माणसाच्या पोटात जातात. मग तसाच फोड माणसाच्या यकृतात किंवा फुफ्फुसात वर्षानुवर्षे वाढत राहतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून पर्याय उरत नाही. गोठ्यावरच्या कुत्र्याला प्रेमाने कच्चे फुफ्फुस टाकणारे अनेक जण मी पाहतो. त्यांना एवढेच सांगणे आहे, की तो तुकडा कुत्र्याचेही भले करत नाही आणि आपल्या घराचेही. फोड असलेला अवयव जाळावा किंवा खोल पुरावा. कुत्र्यांना जंताचे औषध नियमित द्यावे. आणि दुसऱ्या टप्प्यात दुकानामागची कुत्री पाहायला सांगितले, ते याचसाठी.

काहीही ओळखता आले नाही, तर तो अवयव वेगळ्या पिशवीत ठेवून पशुवैद्यकाला दाखवावा. तोवर कोणालाही खायला देऊ नये.

९. वजन आणि वाटे

उस्मानाबादी बोकडाचे सोललेले, आतील अवयव आणि मुंडी-पाय काढलेले धड सर्वसाधारणपणे जिवंत वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास भरते. चांगल्या खुराकावरचा असेल तर थोडे अधिक, अशक्त असेल तर कमी. म्हणजे उपाशी पोटी ३० किलो भरलेल्या बोकडाचे साडेतेरा किलोच्या जवळपास मटण मिळावे. उरलेले वजन रक्त, कातडे, मुंडी, पाय, वजडी आणि पोटातील चारा यांत जाते. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ नवखे “तीस किलोच्या बोकडाचं मटण एवढंच कसं?” म्हणून प्रामाणिक खाटकावर संशय घेतात. संशय घेण्यापूर्वी धड टांगलेले असतानाच त्याचे वजन करावे, मग तुकडे झाल्यावर पुन्हा करावे. दोन्हींत थोडासाच फरक पडायला हवा.

वाटे घालायचे असतील तर प्रत्येक वाट्यात मांडी, खांदा, सीना, मान आणि नळीची हाडे सारख्या प्रमाणात यावीत, आणि कलेजीचेही तेवढेच तुकडे व्हावेत. हे काम खाटकाकडूनच करून घ्यावे. वाटे पूर्ण झाल्यावर कोणाचा कोणता, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

१०. मांस थंड करणे आणि उरलेले आवरणे

सकाळी कापून दुपारी शिजवायचे असेल तर फारशी अडचण नाही. सावलीत, कापडाखाली, वारा लागेल असे टांगून ठेवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र उघड्यावर तासाभरापेक्षा अधिक ठेवू नये. साठवायचे असल्यास गरम मांस थेट डीप फ्रीझरमध्ये टाकण्याचा मोह टाळावा, कारण कापल्यानंतर स्नायू आखडण्याची क्रिया पूर्ण होण्यापूर्वीच गोठलेले मांस चिवट होते. मोठे तुकडे रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी एकेका वेळेपुरत्या पिशव्या करून, त्यांवर तारीख लिहून गोठवावेत. वीज जाण्याच्या दिवसांत बर्फाचा डबा हाताशी असू द्यावा, आणि एकदा पूर्ण वितळलेले कच्चे मांस पुन्हा गोठवू नये.

कातडे आपल्याकडे ठेवले असेल, तर त्याच्या आतल्या बाजूने त्याच सकाळी भरपूर जाड मीठ चोळून सावलीत पसरावे. उन्हात टाकलेले कातडे कडक होऊन फुटते. पोटातील चारा शेणखताच्या खड्ड्यात जाऊ शकतो. रक्त आणि टाकाऊ भाग मात्र विहीर आणि ओढ्यापासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत.

मजुरी त्याच दिवशी, ठरल्याप्रमाणे पूर्ण द्यावी. मटण शिजल्यानंतर कसे झाले, ते दुसऱ्या दिवशी फोन करून खाटकाला सांगावे : चिवट होते का, चरबी जास्त होती का, तुकडे मोठे पडले का. त्याने अवयवांत काय पाहिले, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे आणि औषधांच्या वहीत त्या टॅग क्रमांकापुढे लिहून ठेवावे. पुढचा बोकड केव्हा द्यायचा आहे, त्याचा अंदाजे महिनाही त्याच फोनवर सांगून टाकावा, म्हणजे तो आधीच एकदा गोठ्यावर येऊन जनावर चाचपून जातो आणि खुराक वाढवायचा की कमी करायचा, ते सांगतो.